सरासरीची सहल

शाळा टेकडीच्या पायथ्याशी होती. टेकडीवरची मुलं चालत उतरायची, कालव्यापलीकडची बसने यायची. फी कुणालाच नाही, बाकं सगळ्यांना सारखीच टोचणारी. तरी दर वर्षी गुणांत टेकडी वर आणि कालवा खाली. हा जणू पाण्याचाच नियम आहे, असं सगळ्यांनी मान्य केलं होतं. यंदा मात्र शिक्षण मंडळाने डोळे वटारले. दोन्हीकडच्या सरासरीतली तफावत कमी करा, नाहीतर हेडमास्तर बदलू.

कालव्यापलीकडेच राहून शाळेची बस चालवणाऱ्या बसमामांना त्या तफावतीचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की वार्षिक चाचणीत जो तरेल तो क तुकडीतून अ तुकडीत जाणार. त्यांची धाकटी लेक त्यासाठी हात धुऊन मागे लागली होती. जेवताना गणित, दात घासताना गणित. "बाबा, एक बस तासाला चाळीस किलोमीटर जाते..." असं तिने सुरू केलं की बाप म्हणायचा, "आधी पुढे ट्रॅफिक किती ते सांग."

हेडमास्तर म्हणजे मामांचा बालमित्र. लहानपणी दोघे एकाच बाकावर बसत. ढापण्याने, म्हणजे आताच्या हेडमास्तरने, गणितं दाखवायची, भोपळ्याने, म्हणजे मामांनी, मधल्या सुट्टीत त्याच्या वाटेला जाणाऱ्यांना लोळवायचं, असा चोख व्यवहार होता. पुढे एक हेडमास्तर झाला, दुसरा त्याच्याच शाळेची बस चालवू लागला. पण आजूबाजूला कुणी नसलं की ढापण्या आणि भोपळ्या तसेच होते.

चाचणीच्या आधी हेडमास्तर स्वतः बसच्या शेडमध्ये आला, पायरीवर बसला.

"भोपळ्या, तुमच्या पलीकडच्या मुलांची चाचणी पुढच्या आठवड्यात ढकललीय. बिचारी शिणलीत रे. शुक्रवारी त्यांना प्राणिसंग्रहालयात ने."

"सगळ्यांना?"

"दोघं-चौघं राहतील. त्यांना दुसरं काम आहे."

"ढापण्या, तुझ्यात माणुसकी आहे हे मी बायकोला कधीचं सांगतोय. तिला पटत नाही."

"वहिनी हुशार आहेत," हेडमास्तर हसून म्हणाला. मामाही हसले.

शुक्रवारी मामांनी बस धुतली, आरशाला फुगा बांधला. धाकटी कुरकुरत होती. तिला घरी बसून अपूर्णांक करायचे होते. "अगं, डोक्याला हवा लागू दे जरा," म्हणत मामांनी तिला हाताला धरून बसमध्ये चढवलं.

पाणघोड्यासमोर मुलं ओरडत होती. पाणघोडा मात्र मंडळाच्या सदस्यासारखा डोळे मिटून पडला होता. सोबत आलेले चित्रकलेचे सर बाकावर केळं सोलत म्हणाले, "काय शांतता असेल आज शाळेत! पेपर अर्धा झाला असेल."

"कुठला पेपर?"

"चाचणीचा. दुसरा कुठला?"

"ती पुढच्या आठवड्यात आहे ना?"

"पुढच्या आठवड्यात निकाल, मामा." सरांनी केळ्याचा घास घेतला, मामांच्या तोंडाकडे पाहिलं आणि उरलेलं केळं परत सालीत गुंडाळलं. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. हेडमास्तर तुमचे दोस्त ना?"

मामांनी बसचा हॉर्न असा दाबून धरला की पाणघोडासुद्धा उठून बसला. मुलं रडली, चिडली, एकाची टोपी माकडाकडेच राहिली. बस शाळेच्या फाटकात शिरली तेव्हा टेकडीवरची मुलं उत्तरं पडताळत हॉलबाहेर पडत होती.

हेडमास्तर पायऱ्यांवरच उभा होता. "इतक्या लवकर? पाऊसबिऊस आला का?"

"ढापण्या, माझ्या पोरीचा पेपर?"

"हळू बोल. गैरहजर मुलं सरासरीत धरत नाहीत, नियमच आहे. कालव्यापलीकडची चार हुशार पोरं बसवली, बाकी सहलीला. तफावत साफ! माझी खुर्ची वाचली, शाळेचं नाव झालं. कुणाचं काय बिघडलं?"

"ती रात्रंदिवस अभ्यास करत होती."

"काठावरची होती रे ती. तरली असती, नसतीही. उगाच धोका कशाला? तुझीच म्हणून सांगतो, नापासचा शिक्का तरी नाही बसला."

"माझ्याच हातून नेलंस तिला."

"दुसऱ्या कुणी नेलं असतं तर पालकांनी शंभर प्रश्न विचारले असते," हेडमास्तर अगदी जिव्हाळ्याने म्हणाला. "तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

मामांचा हात उठला, पण अर्ध्यावरच राहिला. याच्यासाठी त्यांनी आजवर कितीजणांना लोळवलं होतं. याला कसं लोळवायचं, ते मात्र त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं.

मागे वळले तर धाकटी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने.

"मला खरंच माहीत नव्हतं गं."

"मी घरी बसते म्हणाले होते," ती म्हणाली. "तुम्हीच हात धरून चढवलंत."

"त्याने मला फसवलं, बाळा."

"आणि मला?"

तिने दप्तर पाठीला लावलं आणि फाटकातून चालत निघाली. मामा बसमध्ये बसले. बाकीच्या मुलांना घरी पोचवायचं होतंच.

कालव्याच्या रस्त्यावर ती कडेकडेने चालत होती. मामांनी बस तिच्या मागे धरली, पहिल्या गिअरमध्ये. मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजू लागले, कुणीतरी मामांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. मामांनी दार उघडं ठेवलं होतं.

"बाबा, पुढे जा," ती मान न वळवता म्हणाली. "लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत," मामा म्हणाले.

ती चालत राहिली.