अडकलेली खीळ

फोल्कमार बाडरचं तोंड आणि त्याचे हात एकाच माणसाचे आहेत, यावर जर्मनीतल्या झूल गावात नव्याने आलेल्या कुणाचा विश्वास बसत नसे. तोंड इतकं फटकळ, की ऐकणाऱ्याने पुन्हा त्याची पायरी चढू नये. आणि हात असे, की झक मारत चढावीच लागे. बर्लिनची भिंत पडली, पाठोपाठ पिस्तुलांचा कारखाना बंद पडला, तेव्हा तिथली तीस वर्षांची विद्या घेऊन त्याने घरामागच्या खोलीत दुरुस्तीचं काम सुरू केलं. खोटं बोलून गिऱ्हाईक खूश करणं मात्र त्याला तेव्हाही जमलं नाही आणि पुढेही नाही.

हांका झिट्समानला नेमकी त्याचीच धास्ती वाटत होती. तिचा नवरा एडगर जाऊन सहा वर्षं झाली होती. शस्त्र घरी ठेवायला लागणाऱ्या वारसाच्या परवान्यासाठी कचेरीत खेटे घालून पाय दुखायला लागले, तेव्हा त्याचं नेमबाजीचं पिस्तूल तिने अखेर काल विकलं. घेणारी सीग्लिंडे शहरातली बस चालवायची, दंडाने बाडरच्या दुप्पट, नेमबाजी क्लबातल्या पहिल्या तिघांत तिचं नाव. "अगदी जपून ठेवलंय हो," असं हांकाने तिला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आणि आज सकाळी सीग्लिंडे पुन्हा दारात हजर.

"बाई, तुमचं पिस्तूल उघडतच नाही. आतून गंजून बसलंय बघा."

गंजून! इस्पितळातल्या शेवटच्या आठवड्यात एडगरने हांकाकडे एकच गोष्ट मागितली होती. "माझ्या पिस्तुलाला दर महिन्याला तेल दे. गंजू देऊ नकोस." तिने शब्द दिला होता आणि पाळलाही होता. दर पहिल्या तारखेला, ताप असो की पाहुणे असोत. मग गंज आला कुठून? एक तर ही सीग्लिंडे काहीतरी बरळतेय, नाहीतर आपणच मेलेल्या माणसाला फसवलं. हे कळल्याशिवाय घास उतरणार नव्हता. तिने कोट चढवला आणि ती सीग्लिंडेबरोबर बाडरकडे निघाली.

बाडरने पिस्तूल हातात घेतलं आणि आधी ते रिकामं आहे ना हे पाहिलं. मग नळी भिंतीकडे करून पुन्हा पाहिलं. सीग्लिंडे म्हणाली, "उस्ताद, मी बघितलंय."

"तू बघितलंस म्हणूनच मी दोनदा बघतोय." त्याने दिवा जवळ ओढला, भिंग डोळ्याला लावलं आणि त्याची भुवई वर गेली. "हातोडा मारलास?"

"एकदाच. हळू."

"हळू! बस उभी करताना फाटकाला घासतेस ना, तेपण हळूच का? खिळीच्या डोक्यावर खड्डा पडलाय, खड्डा."

नळीच्या मागचा सरकता ठोकळा एका आडव्या खिळीने जागच्या जागी धरलेला असतो. ती बाहेर आली की बाकीचं पिस्तूल आपोआप सुटं होतं. ती नाही आली, तर काहीच होत नाही. कच्चा माणूस अशा वेळी मोठा हातोडा शोधतो. बाडरने खुर्ची ओढली आणि बसून राहिला. पाच मिनिटं तो नुसता पाहत होता. हांकाला वाटलं, म्हातारपणी डोळा लागला की काय याचा.

"ही खीळ एका बाजूला केसभर जाड असते," तो शेवटी म्हणाला. "उजवीकडून आत जाते, उजवीकडूनच बाहेर येते. तू उजवीकडूनच ठोकत होतीस. म्हणजे काढायच्या ऐवजी आणखी घट्ट करत होतीस."

सीग्लिंडेची मान खाली गेली. गाडीत प्रवाशांना दमात घेणारी बाई इथे शाळकरी पोरीसारखी उभी होती.

"पण गंज आहे ना?" हांकाने विचारलंच.

बाडरने आधी लाकडी मूठ दोन स्क्रू काढून वेगळी केली आणि फडक्यात गुंडाळून लांब ठेवली. मग दात कोरायची काडी घेतली आणि खिळीच्या कडेला अलगद फिरवली. गंज असता, तर काडीच्या टोकावर तांबडी भुकटी यायला हवी होती. आला तो पिवळसर, चिवट, गुंडाळत जाणारा पापुद्रा. तो त्याने दिव्याच्या उबेला धरला आणि नाकाशी नेला.

"च्यायला, मला भूक कशी लागली?"

"आं?"

"हे घे. हुंग."

सीग्लिंडेने हुंगलं. "बटाटे," ती गोंधळून म्हणाली. "उकडलेले बटाटे आणि चक्का. माझी लाउझिट्सची मावशी वाढायची."

"आणि त्यावर?"

"त्यावर जवसाचं तेल."

बाडरने मान वळवून हांकाकडे पाहिलं. "झिट्समानबाई, तुमचं माहेर कुठलं?"

"लाउझिट्स," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिला सगळं कळून चुकलं. झूलमध्ये तेल म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा बंदुकीचं तेल समजतं. पण तिच्या माहेरी तेल म्हणजे एकच. बटाट्यावर तेच, हात भाजला तरी तेच, बिजागरी कुरकुरली तरी तेच, बाळाच्या टाळूवरही तेच. एडगर म्हणाला, तेल दे. कुठलं, हे त्यानेही सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तेल कुठलं, असं काय विचारायचं असतं?

"मी दर महिन्याला देत होते," ती म्हणाली. "चांगलं ताजं. घाण्यावरून आणलेलं."

सीग्लिंडेला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात लपवलं. बाडर हसला नाही. हसला असता तर बरं, असं हांकाला वाटून गेलं. जवसाचं तेल हवेत वाळतं, घट्ट होतं, वार्निशच होऊन बसतं. चित्रकार रंगात घालतात ते याचसाठी. सहा वर्षांत तिने आपल्या हाताने, थरावर थर देत, नवऱ्याचं पिस्तूल चिकटवून टाकलं होतं.

"सुटेल?" तिने विचारलं.

"ते मी बघतो. तुम्ही बसा."

पुढचा दीड तास हांका ते हात बघत राहिली. एडगर तीस वर्षं क्लबात याच माणसाशी चुरस करायचा आणि घरी येऊन त्याच्या नावाने बोटं मोडायचा, पण जेवता जेवता मध्येच घास थांबवून म्हणायचा, "हात आहेत मात्र." त्याचा अर्थ तिला आज कळत होता. बाडरने नखांचा रंग काढायच्या औषधासारख्या वासाचं पाणी कापसाच्या बारीक वातीने खिळीभोवती सोडलं, जेमतेम थेंबभर, आणि वर झाकण ठेवून तो कॉफी करायला उठला. घाई नाही की काळजी नाही. कॉफी झाली, प्लमचा केक झाला, सीग्लिंडेला दोन टोमणे मारून झाले. मग गरम वाऱ्याचं यंत्र लांबून फिरवून त्याने पोलाद हाताला सोसेल इतपतच तापवलं. पुन्हा थेंब, पुन्हा वाट पाहणं. चौथ्या खेपेला कडेने मधाच्या रंगाचं काहीतरी पाझरलं आणि त्याने ते इतक्या हळुवारपणे टिपलं, की हांकाच्या डोळ्यांत पाणी आलं. आजारी माणसाचं तोंड पुसावं तसं ते टिपणं होतं.

मग त्याने डाव्या बाजूने पितळेची सळई टेकवली. पितळ मऊ असतं. ते स्वतः झिजतं, पोलादाला ओरखडा काढत नाही. हातोडी चमच्याएवढी. टक. टक. आवाज बसका येत होता, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. तो मान तिरपी करून ऐकत होता, ठोकण्यापेक्षा ऐकतच जास्त होता. दहाव्या-बाराव्या ठोक्याला आवाज बदलला, टण्ण झाला.

"आली," बाडर म्हणाला, आणि खीळ त्याच्या तळहातावर पडली.

"उस्ताद, मानलं!" सीग्लिंडे ओरडली.

"तू मानून काय उपयोग? पुढच्या वेळी आधी बाजू बघ."

त्याने ठोकळा सरकवून काढला, नळी काढली, झटका झेलणारी स्प्रिंग काढली, आणि एकेक भाग पुसून पांढऱ्या कापडावर मांडला. मग भिंगातून तो प्रत्येक भाग सावकाश पाहायला लागला. हांका उभी राहिली. तिला बसवेना.

"बाडरसाहेब, मला खरं सांगा. सीग्लिंडेबाई आहेत म्हणून गोड करून सांगू नका. एडगरने एवढं एकच मागितलं होतं. मी ते बिघडवलं का?"

"गोड करून सांगायला मी काय पाद्री आहे?" तो म्हणाला. "घोळ घातलात. पिस्तुलाला जवसाचं तेल कुणी देतं का? शेंबड्या पोराला विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. दोन वर्षं आणखी गेली असती तर मलासुद्धा हे सुटलं नसतं."

हांकाने मान हलवली. हे ऐकायचीच तिची तयारी होती.

पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं. त्याने ठोकळा दिव्याखाली धरला. पोलाद निळसर, तेलकट, कारखान्यातून आजच आल्यासारखं. "इकडे बघा. नाही, जवळून बघा. कुठे ठिपका दिसतो? एकसुद्धा नाही. माझं स्वतःचं कारखान्यातलं, याच खेपेचं पिस्तूल आहे. बंदुकीचंच तेल देतो मी त्याला, पण आठवण झाली तर. नळीच्या तोंडाशी गंज धरलाय त्याला." हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी दात उपटतंय.

मग त्याने भिंग खाली ठेवलं. तीस वर्षांत तो तिच्याशी अहोजाहोशिवाय बोलला नव्हता. क्लबच्या मेजवानीत नाही, एडगरच्या शवपेटीपाशीही नाही.

"हांका," तो म्हणाला, "तेल चुकलं गं तुझं. तारीख एकदाही चुकली नाही."

हांकाला हुंदका आवरला नाही. अंत्यविधीला तिने आवरला होता, तो आज तिने येऊ दिला. बाडरने कावऱ्याबावऱ्या चेहऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हाताला लागलं ते फडकं तिच्यापुढे धरलं. ते तेलाने माखलेलं होतं. तिने त्यालाच डोळे पुसले, गालावर काळा पट्टा उमटला, आणि सीग्लिंडेने तिला आपल्या त्या दणकट हाताने जवळ घेतलं.

"फोल्कमार," हांका तिच्या मिठीतून मान वर काढत म्हणाली, "परवा पहिली तारीख आहे रे, आणि पिस्तूल तर मी विकलंय. आता मी काय करू?"