सातव्या खांबाची जाडी

त्या बंदराच्या पाण्यात पाणबुड्याला स्वतःचा हात कोपरापुढे दिसत नसे. शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचा मळ तिथेच उतरायचा. वीस वर्षं तो चाचपतच काम करत आला होता. धक्क्याचे लोखंडी खांब तपासायचे, जाडी मोजायची, वर येऊन आकडा सांगायचा. आकडा लिहून घेणारा इंजिनिअर म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

त्या दिवशी ओहोटीने पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या सातव्या खांबावरचा नारिंगी चिखल त्याने खरवडला. खाली काळा गाळ, त्याखाली खड्डे पडलेलं चकचकीत लोखंड. हातोडीचा हलका ठोका दिला, तर हातोडी आरपार गेली.

"बारा मिलिमीटरचे तीन उरलेत," वर येऊन तो म्हणाला. "काही जागी तेही नाहीत. धक्का आजच बंद करा."

"दादा, मी नऊ लिहितो," इंजिनिअर म्हणाला. "गेल्या वर्षी न मोजताच दहा लिहिले होते. आता तीन लिहिले तर मी घरी बसेन. तुमच्या बहिणीचा तरी विचार करा."

बहिणीला त्यानेच लहानाचं मोठं केलं होतं. त्याने नऊच्या आकड्याखाली सही केली.

अकराव्या दिवशी भर दुपारी क्रेन धक्क्यावर चढली आणि धक्का तिच्यासकट खाली बसला. क्रेनचालकाला बाहेर काढायला पाणबुड्यालाच बोलावलं. केबिनच्या दाराच्या मुठीला आवळलेली बोटं त्याने एकेक करून सोडवली.

चौकशीत इंजिनिअरने हात झटकले. याने सांगितलं तेच मी लिहिलं, म्हणाला. मग बहीण साक्षीला उभी राहिली.

"दादा पिऊनच पाण्यात उतरायचा."

त्याने जन्मात दारूला हात लावला नव्हता. बाहेर जिन्यात तिने त्याला गाठलं.

"तुझ्यामागे कोण आहे? मला दोन मुली आहेत. मनात ठेवू नकोस."

त्याचा परवाना गेला. नव्या धक्क्याचं काम इंजिनिअरकडेच आलं.

महिन्याभराने क्रेनचालकाची बायको त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"त्या सकाळी हे तुम्हाला भेटले होते?"

"भेटले होते. क्रेन वर न्यायला हरकत नाही ना, असं विचारलं."

"मग?"

"हरकत नाही म्हणालो. खुशाल न्या, म्हणालो."

ती भिंतीला टेकली. त्याने पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो घेतला, त्याच्या पायांवर ओतला आणि जिना उतरून निघून गेली.