आतलं कुलूप

नंदिनी मॅडमनी मुलींच्या वसतिगृहाच्या जाळीच्या दाराला बाहेरून लटकणारं कुलूप काढलं, आतल्या कडीला अडकवलं आणि किल्ली दानेश्वरीच्या हातात दिली.

"या आठवड्यात पाळी तुझी. सातला लावायचं, आणि गरज पडली की उघडायचं."

कॉलेजचा रिवाज नेमका उलटा. पहारेकरी सात वाजता बाहेरून कुलूप ठोकायचा आणि किल्ली खिशात घालून मोठ्या फाटकावर जायचा. मागच्याच आठवड्यात एक पोरगी पोटदुखीनं तळमळत होती, आणि हा बाबा चहाला गेलेला! मॅडम रेक्टर म्हणून नव्याच आल्या होत्या, पण असल्या कारभाराला मान डोलावणाऱ्यांतल्या नव्हेत. प्राचार्यांशी त्या भांडल्या आणि जिंकून आल्या.

बातमी दानेश्वरीच्या घरी, गडहिंग्लजला पोचायला एसटीडीवरचा एक फोन पुरला. दुसऱ्याच संध्याकाळी तिचे वडील, रुद्रय्या, रिकामी पिशवी घेऊन दारात हजर. पोरीकडं न बघताच ते मॅडमना म्हणाले,

"हिचं सामान भरा. न्हेतो मी हिला."

"आप्पा, दुसरं वरीस हाय माझं!" दानेश्वरीचा चेहरा पांढराफटक पडला. एकदा घरी गेली की परत येणं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बाहीरनं कुलूप हुतं म्हणून ठेवलंतं हितं," रुद्रय्या मॅडमनाच म्हणाले. "आता किल्ली पोरींच्या हातात? काय चाललंय काय!"

मॅडमचा आवाज जराही चढला नाही.

"अण्णा, रात्री तुम्ही घराला कडी कुठून घालता?"

"आतनंच की."

"आणि बाहेरून कुणी घातली तर?"

"घालंल कोण? टाळकं फोडीन त्याचं!"

म्हणाले खरे, आणि त्यांची नजर आतल्या कडीच्या कुलपाकडं गेली. मग पायरी उतरून बाहेर उभे राहिले.

"दाने, लाव बगू कुलूप."

तिनं लावलं. रुद्रय्यांनी जाळी धरून दार गदागदा हलवलं. दार हललं नाही.

"आता मला आत यायचं झालं तर?"

दानेश्वरीनं मान वर केली.

"मला इचारायचं, आप्पा."

रुद्रय्या जाळीतून लेकीकडं बघत राहिले. मग पिशवीची घडी घालून त्यांनी काखेत मारली.

"मग इचारतो की," ते म्हणाले. "बेंदराच्या सणाला घरी येतीस न्हवं?"