कबार कालव्यावरच्या गोल होडीची कैफियत

मित्रांनो, मला पुढचं टोक नाही आणि मागचंही नाही, त्यामुळे माझी हकिगत नेमकी कुठून धरावी हा प्रश्नच आहे. मी गोल होडी आहे, भल्यामोठ्या परातीसारखी. वल्हवणारा नवखा असेल तर मी जागच्या जागी गिरक्या घेते, आणि तो घामाघूम होऊन समजतो की आपण पैलतीरी पोचलो.

माझा जन्म बाबेलच्या मुलखात, निप्पूर शहराबाहेर कबार कालव्याच्या काठी झाला. इन्साबतू नावाच्या बाईने लव्हाळ्याचे जाड दोर वळले, ते एकावर एक शिवत नेले, आतून वाकवलेल्या फांद्यांच्या बरगड्या बसवल्या आणि बाहेरून गरम डांबर चोपडलं. हे डांबर दर वसंतात खरवडून नव्याने लावावं लागतं. आमच्या काठावरची रीत अशी, की डांबर लावताना होडीला महापुराची गोष्ट ऐकवायची. जिने ती ऐकली नाही ती होडी गळते. यात तथ्य किती ते मला ठाऊक नाही. पण गोष्ट लांबलचक आहे, आणि ती संपेपर्यंत हात चालवला तर डांबराचा थर आपोआप जाड बसतो.

गोष्ट तुमच्याही कानावर आली असेल. माणसांचा गोंगाट फार वाढला, देवांची झोपमोड होऊ लागली, म्हणून त्यांनी जग बुडवायचं ठरवलं. एका देवाच्या पोटात मात्र ते राहिलं नाही. त्याने एका भल्या माणसाला सावध केलं, आणि त्या माणसाने होडी बांधली. होडी गोल होती. हे मी मुद्दाम सांगते.

इन्साबतूला ही गोष्ट तिच्या आजीकडून मिळाली. आजीला ती दक्षिणेच्या दलदलीतल्या लोकांकडून मिळाली होती. त्या लोकांची भाषा आता कुणी बोलत नाही. निप्पूरच्या शाळेत पोरांना मार खाण्यापुरती तेवढी ती शिल्लक आहे. तरीही बाबेलचे पुजारी ही गोष्ट आमचीच म्हणून सांगत, आणि कुणी शंका काढत नसे. पुजाऱ्यांच्या हातात प्रसाद असतो.

कालव्याच्या पलीकडे यहूदवाडी होती. यरुशलेम जाळल्यावर बाबेलच्या राजाने तिथली माणसं आणून आमच्या काठाला बसवली होती. त्यांतला नेरिया खजुराची बाग राखायचा. त्याची बायको बाळंतपणात गेली. इन्साबतूच्या अंगावर तेव्हा तिचा मुलगा लाबाशी पीत होता. नेरिया माझ्यातूनच कालवा ओलांडून आला आणि गुंडाळलेली मुलगी त्याने तिच्या मांडीवर ठेवली. इन्साबतूने तिला पदराखाली घेतलं. एका बाजूला लाबाशी, दुसऱ्या बाजूला येदीदा. देव कुणाचा कोणता, ही चौकशी दूध करत नाही.

येदीदा माझ्यातच वाढली म्हणा ना. उन्हात मला पालथी घालून माझ्या सावलीत झोपायची. तिचं एक लंगडं बदक होतं. एका वसंतात गोष्ट ऐकता ऐकता ती मध्येच रडायला लागली.

"आये, होडीत बदक घेतलं का गं?"

"घेतली की सगळी जनावरं."

"पण लंगडं? ते मागे राहिलं असेल!"

इन्साबतूने डांबराचा डाव खाली ठेवला. "राहिलं होतंच. भल्या माणसाची बायको गुडघाभर पाण्यात उतरली आणि बगलेत मारून घेऊन आली. नवरा ओरडत होता, तिने लक्षच दिलं नाही."

त्या दिवसापासून बदक गोष्टीत आलं ते कायमचं.

येदीदा संध्याकाळी बापाकडे जाऊन हे सगळं सांगायची, आणि नेरिया तिला त्याच्या बापाने सांगितलेलं सांगायचा. त्यात देव एकच होता. होडी मात्र लांबट झाली होती, चक्क कोपरे असलेली, पेटीसारखी. मी मनाला लावून घेतलं नाही. येदीदा ते ऐकून पुन्हा आमच्याकडे यायची.

"एकटाच देव?" इन्साबतूने विचारलं होतं. "सगळं बुडाल्यावर आमचे देव एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. हा रडला कुणापाशी?"

"रडला नाही. पुन्हा असं कधी करणार नाही म्हणाला."

"आमच्यातल्या एकाही देवाने असं म्हटल्याचं ऐकलं नाही बाई. हे चांगलं आहे. हे आपण ठेवू."

आणि पुढच्या वसंतात ते वचनही माझ्या पाठीवर डांबराबरोबर चढलं. मित्रांनो, कुणी कुणाकडून घेतलं, असं मला विचाराल तर मी एवढंच सांगेन, की मी दोन्ही काठांना लागत होते.

पुढे बाबेलचा राजा बदलला. नव्या राजाने यहूदांना घरी जायची मुभा दिली. निम्म्या वाडीने सामान बांधलं. नेरिया खंगला होता. बापाच्या मातीत हाडं पडावीत एवढंच त्याचं मागणं होतं, आणि त्याला त्या वाटेवर सांभाळायला येदीदाशिवाय कुणी नव्हतं. तिनेही जायचं ठरवलं. पण वाडीचे वडीलधारे शेलेम्या यांनी ठरवलं होतं की परक्या देवांच्या गोष्टींवर वाढलेलं कुणी तांड्यात घ्यायचं नाही. आणि येदीदा तर वाडीतल्या पोरांना ती गोष्ट रोज सांगत होती, देवांच्या झोपमोडीसकट.

शेलेम्यांनी आमच्याच धक्क्यावर बैठक बोलावली. इन्साबतू वल्हं धरून माझ्याजवळ उभी होती. लाबाशीला गप्प बसवेना.

"आजोबा, तुमचा मुलूख डोंगरात म्हणे. पाणी प्यायला टाकी खोदता. तिथे पूर आला कुठून?"

लोक हसले. शेलेम्या हसले नाहीत. "पूर काय तुझ्या बापाने विकत घेतलाय? पाणी पडलं तेव्हा सगळ्यांवर पडलं. आमच्या पूर्वजांनी ते जपलं. तुमच्या लोकांनी ते उचललं आणि त्यात देवांची जत्रा भरवली."

"आणि लंगडं बदक? तेही पूर्वजांचंच?"

"अर्थात," शेलेम्या म्हणाले.

म्हातारं झालेलं ते बदक तेव्हा त्यांच्या पायाशी चिखल चिवडत होतं.

शेलेम्या वाईट नव्हते. राखेतून उठून आलेल्या माणसांकडे गोष्टींशिवाय काही उरलेलं नसतं, आणि उरलेलं तेवढं तरी आपलंच असावं असं कुणालाही वाटेल. ते येदीदाकडे वळले. आवाज त्यांनी खाली आणला. "बोल पोरी. गोष्ट बापाकडून ऐकलीस ना?"

नेरिया जमिनीकडे पाहत होता. येदीदा म्हणाली, "हो."

"मग ही बाई तुझी कोण?"

कालव्याचं पाणी माझ्या कडेला लागत होतं. येदीदाने इन्साबतूकडे पाहिलं नाही. "नावाडीण आहे. पलीकडे सोडते आम्हाला."

लाबाशी पुढे झाला, तसं इन्साबतूने वल्हं आडवं घालून त्याला अडवलं. "बरोबर बोलते ती," ती शेलेम्यांना म्हणाली. "मला कसल्या गोष्टी येतात, महाराज? डांबर लावताना तोंड मिटूनच बसावं लागतं. उघडलं की वाफ जाते पोटात."

काठावरच्या प्रत्येकाने तिला वर्षानुवर्षं तोंड उघडून डांबर लावताना पाहिलं होतं. शेलेम्यांनी येदीदाला तांड्यात घेतलं.

तांडा निघाला त्या सकाळी इन्साबतूनेच बापलेकीला वाडीतून घेऊन तांडा जमला होता त्या काठाला सोडलं. नेरिया उतरला. येदीदाही उतरली, पण माझ्या कडेला धरलेली तिची बोटं सुटेनात. डांबर ओलं आहे, चिकटलं, असं ती बापाला म्हणाली. डांबर वाळून महिने झाले होते. इन्साबतूने एकेक बोट सोडवलं, पदराने पुसलं आणि म्हणाली, "चला, बाई. तुमची माणसं वाट बघतायत." आयुष्यात पहिल्यांदा तिने तिला अहो-जाहो केलं.

पुढच्या वसंतात डांबर तापलं. इन्साबतू गप्पच आहे हे पाहून लाबाशीने गोष्ट सुरू केली.

"थांब," ती म्हणाली. "परक्यांच्या गोष्टी आपण सांगू नयेत."

"परक्यांच्या? आये, तुझ्या आजीची गोष्ट ना ही?"

"नेरियाच्या लोकांची आहे. तिने चारचौघांत सांगितलं. माझी लेक खोटं बोलत नाही."

लाबाशीने डांबराचा डाव उचलला, आणि आम्ही तिघांनी ते काम मुकाट्याने संपवलं.

यहूदवाडीत मागे राहिलेल्यांची पोरं कधीमधी धक्क्यावर येऊन गोष्ट मागायची. इन्साबतू त्यांना त्यांच्याच आज्यांकडे पाठवायची. पलीकडे कुणाच्या कानावर जाऊ नये, तांड्यांबरोबर बातमी यरुशलेमला पोचू नये, म्हणून मरेपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. आता या काठावर कुणालाही विचारा, तो सांगेल की पुराची गोष्ट यहूदांनी आणली. पंडित पुढे यावर वाद घालतील. ते होडीची साक्ष घेणार नाहीत, आणि घेतली तरी आधी होडी गोल कशी म्हणून विचारतील.

मी आता काठावर पालथी पडून असते. माझ्या बरगड्या मोडल्या आहेत, आणि मला डांबर लावावं असं कुणाला वाटत नाही. त्याची तक्रार नाही. मित्रांनो, गोष्टी खुशाल घ्या. त्यात देव वाढवा, कमी करा, होडीलाही हवे तर कोपरे काढा. फक्त ज्या बाईच्या मांडीवर त्या ऐकल्यात, ती कधी चारचौघांत तुमच्यासमोर उभी राहिली, तर तिला ओळख द्या. ती स्वतःहून मागणार नाही.