तिसऱ्या खिडकीची काच

मी एक जुना रेल्वेचा डबा आहे, मित्रांनो. घाबरू नका, अंगावर पडलो तरी तुम्हाला टेंगूळही यायचं नाही. वीतभर तर लांबी माझी. अंग पुठ्ठ्याचं, छप्पर पातळ लाकडाचं, चाकं मोडक्या घड्याळांमधली. मला एका म्हाताऱ्या घड्याळजीने बनवलं.

त्याने आयुष्यात दुसरं खेळणं कधी केलं नाही. मलाच का केलं, ते सांगतो. त्याचा धाकटा भाऊ तरुणपणी गाव सोडून गेला. आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. तरी घड्याळजी धावतपळत स्टेशनावर पोचला, पण तोवर गाडी हलली होती. तिसऱ्या खिडकीत धाकटा दिसला. काच बंद, तिच्यावर धुळीचा थर, आणि आत त्याचे ओठ हलत होते. काही ऐकू आलं नाही, नीट दिसलंही नाही. महिन्याभरात तो तिकडे तापाने गेल्याची तार आली.

चाळीस वर्षं घड्याळजीच्या डोळ्यांपुढे ते ओठ हलत राहिले. कुणाला तो बोलला नाही. एक दिवस मला करायला घेतलं आणि तिसऱ्या खिडकीशी ज्वारीएवढ्या डोक्याचा लाकडी माणूस बसवला. तोंड उघडं. एकदा तो चेहरा लख्ख काचेतून बघितला की काय म्हणाला ते उमगेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

मग काचेचा शोध सुरू झाला. घड्याळाची काच जाड. माझ्या मापात तेवढी जाडी म्हणजे खऱ्या डब्याला विटेएवढी काच! फोटोची जुनी फिल्म धुऊन बघितली, ती पिवळट आणि कडेने वळलेली. शर्टाच्या खोक्याचं प्लास्टिकचं झाकण कापलं, त्यात लाटा. प्रत्येक तुकडा तो वर्तमानपत्रावर तिरका धरायचा. खालची अक्षरं नाचली की तुकडा बाद.

त्याची बहीण बघून हसायची. साठी उलटली तरी तिला घरात चिमणीच म्हणायचे.

"दादा, प्लास्टिक बघतोयस का सून बघतोयस? एवढी खोट तर सासूपण काढत नाही."

"गप गं चिमणे. हे बघ, 'क' कसा पोट फुगवून बसलाय."

"माझंपण फुगलंय, मलापण बाद कर."

नंतर त्याने रक्त तपासणीच्या दुकानातून कागदासारख्या पातळ काचा आणल्या, रक्ताच्या थेंबावर ठेवतात ना, तसल्या. काय सुंदर होत्या! पण कापायला गेला की तडतड फुटायच्या. सात फुटल्या, बोट कापलं. शेवटी झेरॉक्सवाल्याकडे जमलं. कागदांच्या गठ्ठ्यावर लावतात तो जाडसर पारदर्शक कागद. त्यातून बघितलं तर अक्षर जागचं हललं नाही. घड्याळजीने कडेला धरून, बोटाचा डाग न लावता, एकेक खिडकी कापली.

पुढे घोटाळा झाला. पांढरा गोंद सावकाश धरतो, आणि म्हाताऱ्याचा हात थरथरायचा. तिसरी काच दोनदा निसटली. चिडून त्याने झटक्यात चिकटणारा गोंद घेतला आणि सगळ्याच काचांना लावला. गिऱ्हाइकांना तोच बजावायचा, "हा लावू नका, वाफेने काच आंधळी होते." पण ती वाफ उडून जायला मला उघडं ठेवावं लागलं असतं, आणि घड्याळजी जातीला धुळीचं भारी भय. काम झालं की झाकण बंद, ही जन्माची सवय. त्याने लगेच छप्पर चिकटवलं.

सकाळी माझ्या सगळ्या काचांवर धुकं. बाहेरून पुसून काय उपयोग, ते आतून होतं. आता मित्रांनो, गोंदाची वाफ मला कळते. बाकी खिडक्यांवर ती कोपऱ्याकोपऱ्यांत होती. तिसऱ्या खिडकीवर मात्र मधोमध होती. गोल. बरोबर त्या लाकडी तोंडासमोर.

 घड्याळजीने दुकान उघडलं नाही, तो जेवला नाही. दुपारी बहीण आली तेव्हा तो मला डोळ्यांशी धरून पुटपुटत होता, "बोल ना रे. काय म्हणालास? परत एकदा बोल."

तिच्या हातातला जेवणाचा डबा खाली पडला. "दादा, त्यासाठी हे सगळं? अरे, त्याला पोचवायला आलेली मी फलाटावर डब्याच्या दाराशीच उभी होते की! मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"तू दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आला होतास. तो म्हणाला, 'बघ बघ, आपलं ध्यान आलं!' हसत होता रे तो."

"आणि तू मला आज सांगतेस?"

"तू रडत होतास. रडणाऱ्याला चपला कुठे सांगायच्या? मग तार आली. मग राहूनच गेलं."

घड्याळजी हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा चष्मा ओला झाला. खरं सांगितलं तिने, की म्हाताऱ्याने घास खावा म्हणून रचलं, मला ठाऊक नाही. त्याने चिमटा उचलला आणि तिसरी काच हलकेच आत ढकलली. ती माझ्या पोटात पडली. तिच्या जागी दुसरी त्याने बसवलीच नाही.

आता तो नाही. मी बहिणीच्या कपाटात आहे. मला उचललं की पोटातली काच वाजते, कुणी पाय सरकवल्यासारखी. माझ्या उघड्या खिडकीसमोर कपाटाच्या काचेवर कधीकधी एक छोटं गोल धुकं येतं. कपाटाला गोंद कुणी लावलेला नाही. बहीण पदराने पुसते, म्हणते, "आलं का रे हसू?" आणि कामाला लागते.

मित्रांनो, माझ्यासारख्याला हात लावाल तेव्हा कडेला धरा, मऊ कापडाने पुसा. आणि तुमचं कुणी गाडीत बसून निघालं, तर बाहेरून नुसते हातवारे करू नका. काच वर करायला सांगा. गाडी हलायच्या आत.