शुक्रवारचा शिक्का

"शिक्का सोमवारचा आहे ना? मग शपथपत्रात सोमवारच लिहायचं," साहेब म्हणाले. "त्यात एवढं डोकं काय खाजवताय?"

मी मानवी हक्क आयोगाच्या आवक खिडकीवरचा कारकून. आलेला कागद घ्यायचा, तारखेचा शिक्का मारायचा, वहीत नोंदवायचा. एकतीस वर्षं हेच. सेवापुस्तकात एक शेरा नाही. निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि आता कोर्टाने विचारलं होतं, ही तक्रार नक्की कोणत्या दिवशी आली?

तक्रार एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची. त्या आणि त्यांचा मुलगा मिळून दुकान चालवायचे. पोलीस कोठडीतल्या मारहाणीत मुलाचा उजवा हात मोडला. तक्रारीची मुदत वर्षाची, आणि वर्ष शुक्रवारी संपत होतं. शिक्का सोमवारचा, म्हणून आयोगाने ती 'मुदतबाह्य' ठरवून फेटाळली. आत काय लिहिलंय ते कुणी वाचलंच नाही. बाई कोर्टात गेल्या.

आता खरं सांगतो. आमच्याकडे शुक्रवारी चारला शिक्का कपाटात जायचा. कार्यालय साडेपाचपर्यंत उघडं, पण शिक्क्याची सुटी आधी व्हायची. असा नियम कुठे नव्हता. आधीचा कारकून करायचा, म्हणून मीही करायचो. त्या शुक्रवारी बाई सव्वाचारला धापा टाकत आल्या होत्या. "ठेवून जा ताई, काही होत नाही," असं मीच म्हणालो होतो. त्यांनी पाणी मागितलं, तेही दिलं होतं. कपाट दोन पावलांवर होतं.

घरी बायकोला सांगितलं. ती चादरींच्या घड्या घालत होती.

"साहेब म्हणतात तसं लिहून मोकळे व्हा, असं म्हणू का?"

"म्हण की."

"नाही म्हणणार. मग जन्मभर तोंड पाडून बसाल, आणि ते बघायचं मी."

मी शुक्रवार लिहिलं.

"जाता जाता स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात," साहेब म्हणाले.

"धोंडा आधीच पडला होता साहेब. त्यांच्या पायावर."

मुलगा खरा की पोलीस खरे, त्यात कोर्ट पडलं नाही. एवढंच म्हटलं, फेटाळण्याचा निर्णय रद्द, तक्रार नव्याने ऐका. माझ्या सेवापुस्तकात शेरा आला, निष्काळजीपणाचा. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण शेरा खोटा नव्हता.

निकालाची प्रत घेऊन बाई आल्या, तो माझा नोकरीतला शेवटचा शुक्रवार. बरोबर मुलगा होता. पावणेपाच वाजले होते. शिक्का टेबलावरच होता.

"जिंकलो का हो आम्ही?"

"अजून नाही, ताई. आता वाचतील."

शिक्का मारून मी कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी तारखेखाली बोट धरून ती सावकाश वाचली. मग मुलाला म्हणाल्या, "तूही बघ."

त्याने कागद डाव्या हाताने उचलला. उजवा कोपरात वाकत नव्हता.