राजा घराबाहेर पडला

अमरावतीच्या त्या वाचनालयात दुपारी वर्तमानपत्रांपेक्षा बुद्धिबळाचे पटच जास्त उघडलेले असतात. खुशालराव मास्तरांना तर तिथं नऊ वर्षांत कोणी हरवलं नव्हतं. म्हणून अकोल्याहून आलेली साठीची बाई त्यांच्यासमोर बसली, तेव्हा शालिकराम, तिथला रोजचा बघ्या, हसलाच.

"बाई, हा पोरींच्या भुलाबाईचा खेळ नोहे."

"मालूम आहे भाऊ," ती म्हणाली आणि मास्तरांकडे वळली. "खुशालदादा, ओळखलं का? मी जमुना. रामरावची बहीण."

मास्तरांनी दारातच ओळखलं होतं. सेहेचाळीस वर्षांमागं ते आणि रामराव, कॉलेजातले पटावरचे जोडीदार, चिखलदऱ्याच्या गाडीत बसले होते. मास्तर एकटे परतले. रामराव मधेच परतवाड्याला उतरला, असं त्यांनी तेव्हा सांगितलं आणि पुढंही तेच सांगत आले. घरच्यांनी परतवाड्याची गल्ली न् गल्ली धुंडाळली.

"एक डाव," जमुना म्हणाली. "हरली तर पुन्हा तुमच्या दारी नाही येणार. जिंकली तर खरं सांगा, माहा दादा कुठी गेला."

"खरं तेच सांगितलं."

"मंग भेव कायचं?"

शालिकराम बघतच होता. मास्तरांनी पांढऱ्या सोंगट्या तिच्याकडे सरकवल्या.

सुरुवातीला ती साधीच खेळली. मास्तरांनी किल्लेकोट करून राजाला कोपऱ्यात घातलं, पुढं तीन प्यादी उभी. राजा कसा घरात निजल्यासारखा. तेव्हा तिनं उंट उचलला आणि राजाच्या दारातलं प्यादं मारलं. शह.

"उंट फुकट देऊन राहिली बाई!" शालिकराम म्हणाला.

मास्तरांनी राजानंच उंट घेतला. राजा उंबऱ्याबाहेर आला. आणि जमुना अगदी हळू, जात्यावर बसल्यासारखी, गुणगुणली:

*पहिलं पाऊल बाई, उंबऱ्याच्या पार*
*बंधवाच्या मांगं, माह्यं उघडं दार*

घोड्याचा शह आला. मागं फिरावं तर दोन चालींत मात होती, म्हणून राजा पुढं सरकला. मग तिनं हत्ती दिला. मास्तरांनी तोही घेतला, घ्यावाच लागला. मारलेल्या पांढऱ्या सोंगट्या त्यांच्या हाताशी जमत होत्या आणि राजा मात्र घरापासून दूर दूर चालला होता, एकेक घर, तिच्या बाजूला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. तरी मास्तरांच्या बोटांना गारवा जाणवू लागला. ओल्या गवताचा वास आला. पंख्याखाली बसल्या जागी त्यांच्या तळव्यांना चढ लागला.

"पंखा कमी कर बे," ते म्हणाले.

"बंदच आहे मास्तर. लाइन गेली कवाची."

जमुनानं वजीर उचलला आणि राजाच्या तोंडाशी ठेवला. शालिकरामची मान पुढं आली.

"बाप्पा! वजीर बी?"

घेण्यावाचून चाल नव्हती. मास्तरांनी घेतला.

*पाचवं पाऊल बाई, धुक्यामंदी गेलं*
*बंधवाले माह्या, कोनी कुठी नेलं*

मास्तरांचा हात थांबला. "धुकं कुठचं? परतवाड्याले धुकं कुठी असते?"

"मले काय मालूम?" ती खरोखरच गोंधळली. "म्या ठरवून नाही म्हटलं. तोंडात आलं."

उरलेल्या घोड्याचा पुन्हा शह. काळा राजा आणखी एक घर उतरला, मग आणखी एक. आता तो पटाच्या शेवटच्या ओळीत, तिच्याच कोपऱ्यात उभा होता. पुढं पट नव्हता. मास्तरांना वाटलं, त्या लाकडी कडेवरून खाली पाहिलं तर टेबल दिसणार नाही, फरशी दिसणार नाही, नुसतं पांढरं दिसेल.

तिनं आपला राजा एक घर बाजूला घेतला की मागच्या हत्तीचा शह, आणि मात. शालिकरामलाही ते दिसत होतं. पण जमुनानं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मी ही चाल चालत नाही, खुशालदादा. इथपर्यंत आली. पुढचं तुमीच सांगा."

मग मास्तर बोलले, पटाकडे बघतच.

"परतवाड्याले नाही उतरला. चिखलदऱ्याले आला होता माह्यासंगं, वर पंचबोलच्या कड्यावर. आदल्या दिवशी स्पर्धेत मले हरवलं होतं त्यानं. म्या बोलत नव्हतो त्याच्याशी, मांगं राहिलो. त्याचा पाय सरकला. कशाले तरी धरून असंन, धुक्यात दिसत नव्हता. मले हाक मारली."

"किती वेळा?"

"सहा. मोजल्या म्या. सहा हाका मारल्या त्यानं, जमुना, अन् म्या जागचा हाललो नाही. मंग पळालो."

जमुनाचे ओठ हलत होते, पण ओवी नव्हती. ती मोजत होती.

"तिथले डोंगर आवाज परत देतात म्हणतात. एका हाकेले पाच वेळा."

"हो."

"मंग त्यानं एकच मारली."

मास्तरांनी डोळे मिटले. शालिकराम उठून दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

जमुनानं पिशवी खांद्याला लावली. "उठा, खुशालदादा. चिखलदऱ्याची गाडी असंन अजून. जागा दाखवा मले."

मास्तर टेबलाला धरून उठू लागले. जमुनानं हात पुढं केला. तो धरायला त्यांना फार वेळ लागला.